इंटरनेटचे पत्ते कोण वाटते?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. दुपारच्या चहाच्या वेळी माध्यमिक शाळेतल्या एका बाईंनी आपला अनुभव सांगितला. शाळेतल्या मुलांचे परीक्षेचे अर्ज संगणकावरून भरायचे होते. पहिलाच अर्ज उघडला आणि पडद्यावर सूचना आली, 'या पत्त्यावरून फार वेळा प्रयत्न झाले आहेत. काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' बाई म्हणाल्या, "सर, आम्ही तर त्या दिवशी पहिल्यांदाच ते पान उघडत होतो. मग फार वेळा प्रयत्न केले कोणी? आणि हा जो 'पत्ता' म्हणतात, तो आमच्या शाळेचा की आणखी कोणाचा? तो देतो तरी कोण?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चहा संपेपर्यंत देता आली. तिसऱ्याचे उत्तर मात्र लांबले, कारण त्याला पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे. ते उत्तर नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पत्ता म्हणजे नेमके काय?

आपल्याला पिनकोड परिचयाचा आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. ती आखण्यात श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो, पुढचे अंक क्रमाक्रमाने क्षेत्र लहान करत टपाल कार्यालयापर्यंत पोचवतात. मुंबईच्या टपाल छाननी केंद्रातल्या माणसाला पुण्यातली गल्ली माहीत असावी लागत नाही. ४११ पाहिले की पत्र पुण्याच्या थैलीत टाकले, एवढे पुरते.

इंटरनेटचा पत्ता याच तत्त्वावर चालतो. आपण पाठवलेला मजकूर, चित्र किंवा आवाज यांचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता अंकांत लिहिलेला असतो. वाटेवर राउटर नावाची यंत्रे असतात. ती पत्त्याचा सुरुवातीचा भाग वाचून तुकडा पुढे कोणत्या दिशेला सोडायचा ते ठरवतात.

हे पत्ते कसे असावेत याचा नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला 'आवृत्ती ४' म्हणतात. या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ० आणि १ यांच्या ३२ घरांचा असतो. माणसांना वाचायला सोपे जावे म्हणून आठ-आठ बिटांचे चार गट करून तो दशमान पद्धतीत लिहितात. उदाहरणार्थ,

११०००००० १०१०१००० ०००००००१ ००००१०१०

हा पत्ता आपण १९२.१६८.१.१० असा लिहितो. आठ बिटांत मोठ्यात मोठी संख्या २५५ बसते, म्हणून चारपैकी कोणताही आकडा २५५ च्या पुढे जात नाही.

पिनकोड आणि हा पत्ता यांत दोन महत्त्वाचे फरक आहेत. पिनकोड जमिनीला चिकटलेला असतो, तर इंटरनेटचा पत्ता जाळ्याला. एखाद्या कंपनीने आपले जाळे नाशिकहून नागपूरला हलवले तर ती पत्तेही बरोबर नेऊ शकते. दुसरा फरक अधिक मोठा आहे. पिनकोड ठरवणारे टपाल खाते सरकारी आहे आणि त्याच्या मागे कायदा आहे. इंटरनेट मात्र सगळ्या देशांचे आहे आणि त्याच्यावर कोणत्याही एका सरकारची सत्ता नाही. तरीही जगातल्या दोन जाळ्यांना एकच पत्ता जाऊन चालत नाही. मग एकच पत्ता दोघांना जाणार नाही, हे पाहते कोण?

एका माणसाची वही

सुरुवातीला हे काम मुख्यतः एका माणसाच्या वहीने केले. १९६९ मध्ये अमेरिकेत आर्पानेट हे जाळे सुरू झाले. त्यावर काम करणाऱ्या तरुणांत कॅलिफोर्नियातला जॉन पोस्टेल हा विद्यार्थी होता. जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या निरनिराळ्या क्रमांकांची नोंद कोणीतरी एकाने ठेवावी, आणि तो एक म्हणजे बहुधा आपणच असावे, असे त्याने मे १९७२ मध्ये एका टिपणात सुचवले. कोणी हरकत घेतली नाही. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत बसून त्याने हे काम आयुष्यभर केले. या कामाला नंतर 'आयाना' हे नाव पडले. इंटरनेटला नेमून दिलेल्या क्रमांकांचे प्राधिकरण, असा त्या आद्याक्षरांचा अर्थ. १६ ऑक्टोबर १९९८ रोजी पोस्टेल यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेकडे ही जबाबदारी गेली.

एका माणसावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, याचे आज नवल वाटते. पण तेव्हा जाळ्यावरचे लोक एकमेकांना ओळखत होते. पत्ता हवा असला की मागायचा, आणि वहीत नोंद झाली की तो मिळायचा. अडचण विश्वासाची नव्हती, वाटपाच्या मापाची होती.

मापे चुकली

चला, थोडे गणित करू. ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये जगाची लोकसंख्या ४५० कोटींच्या आसपास होती, आणि जाळ्यावर संगणक होते काही शेकडा. ४२९ कोटी हा आकडा त्या वेळी न संपणारा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

हे पत्ते तीन मापांत वाटले जात. 'अ' वर्गाच्या एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ पत्ते असत, 'ब' वर्गात ६५,५३६ आणि 'क' वर्गात फक्त २५६. 'अ' वर्गाचे गठ्ठे होते १२८, पण तेवढ्यांतच एकूण पत्त्यांपैकी निम्मे पत्ते अडकले होते. वर्गातल्या मुलांनी १२८ ला १,६७,७७,२१६ ने गुणून हे ताडून पाहावे.

आता समजा, एखाद्या महाविद्यालयाकडे ५०० संगणक आहेत. 'क' वर्ग त्याला अपुरा, म्हणून 'ब' वर्ग द्यायचा. म्हणजे ६५ हजार पत्ते वाया! दुकानात साखर एक तर पाव किलो किंवा क्विंटलनेच मिळावी, तसे हे झाले. जे आधी आले त्यांनी क्विंटल नेले. अमेरिकेतल्या एमआयटी या एका शिक्षणसंस्थेला १८ ने सुरू होणारा संपूर्ण 'अ' गठ्ठा, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते मिळाले. अॅपल कंपनीला १७ ने सुरू होणारा गठ्ठा मिळाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे ३६ ने सुरू होणारा गठ्ठा होता. त्या विद्यापीठाने तो २००० साली परत केला, पण अशी उदाहरणे थोडीच.

यात कोणी कपट केले असे नाही. मागणारे तेव्हा थोडे होते, बहुतेक अमेरिकेतले होते, आणि जो मागेल त्याला मिळत होते. पण भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पंगतीला उशिरा पोचणाऱ्यांसाठी काही उरेल का, हा प्रश्न तोवर उभा राहिला होता.

१९९३ मध्ये वर्गांची ही पद्धत मोडीत काढली गेली. ८, १६ किंवा २४ बिटांवरच रेघ मारण्याऐवजी ती कोठेही मारता येईल असे ठरले. पहिले २२ बिट ठरावीक ठेवले तर मागे १० बिट उरतात, म्हणजे १,०२४ पत्ते. २३ ठेवले तर ५१२. आता त्या महाविद्यालयाला ५१२ पत्ते देता येऊ लागले.

पाच नोंदणी संस्था

माप सुधारले, पण वाटणार कोण? जपानमधल्या किंवा केनियातल्या जाळेचालकाची खरी गरज किती, हे अमेरिकेत बसून कसे कळणार? त्याची भाषा वेगळी, कामाचे तास वेगळे, पैसे भरण्याच्या पद्धती वेगळ्या. ऑक्टोबर १९९२ मध्ये एलिस गेरिच यांनी लिहिलेल्या एका टिपणात पत्त्यांचे वाटप जगाच्या विभागांकडे सोपवावे असा प्रस्ताव मांडला गेला. त्यातून प्रादेशिक नोंदणी संस्था उभ्या राहिल्या.

युरोपसाठी राइप एनसीसी ही संस्था १९९२ मध्येच अॅम्स्टरडॅमला सुरू झाली होती. आशिया आणि प्रशांत महासागराच्या विभागासाठी एपनिकचा प्रयोग १९९३ मध्ये सुरू झाला. आधी टोकियोत असलेले तिचे कार्यालय १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला गेले. उत्तर अमेरिकेसाठी एरिन १९९७ मध्ये, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक २००२ मध्ये आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक २००५ मध्ये मान्यता पावली. ही तारखांची यादी पाठ करण्यासाठी नाही. पण आफ्रिकेला स्वतःची नोंदणी संस्था सर्वांत शेवटी मिळाली आणि तोवर तिथल्या चालकांना दुसऱ्या खंडांच्या संस्थांकडे अर्ज करावे लागत, हे ध्यानात ठेवायला हवे.

वाटपाची उतरंड अशी : आयानाकडून प्रादेशिक संस्थेला मोठा गठ्ठा, तिच्याकडून सेवादात्याला लहान गठ्ठा, आणि सेवादात्याकडून ग्राहकाला एखादा पत्ता. एपनिकच्या विभागात काही देशांपुरती मध्ये आणखी एक पायरी आहे. भारतात ती 'आयरिन' ही राष्ट्रीय नोंदणी संस्था आहे. २००३ मध्ये स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेच्या छत्राखाली ती २०१२ पासून काम करते.

या संस्था पत्ते विकत नाहीत. त्या ना-नफा तत्त्वावर चालतात. सभासद वर्गणी भरतात, आपली गरज कागदोपत्री दाखवतात, आणि मग त्यांच्या नावे नोंद होते. नियम सरकारे ठरवत नाहीत आणि एकटे संचालक मंडळही ठरवत नाही. खुल्या बैठकांत प्रस्ताव मांडला जातो, कोणालाही बोलता येते, आणि गंभीर हरकत उरली नाही म्हणजे सहमती झाली असे मानतात. २०१२ मध्ये या विभागातल्या जाळेचालकांची वार्षिक परिषद नवी दिल्लीत भरली होती.

वाटपाखेरीज ही मंडळी आणखी बरेच काही करतात, आणि लहान चालकांना त्याचा उपयोग पत्त्यांइतकाच होतो. कोणता गठ्ठा कोणाकडे आहे आणि अडचण आल्यास संपर्क कोणाशी करायचा, हे सांगणारी नोंदवही कोणालाही उघडून पाहता येते. एखाद्या पत्त्यावरून हल्ला होत असेल, तर कोणाला कळवायचे हे तिथे सापडते. राउटर कसे बसवावेत, चुकीचे मार्ग कसे रोखावेत, याचे प्रशिक्षण त्या देतात. प्रशांत महासागरातल्या एखाद्या बेटावर साऱ्या देशाचे जाळे चालवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांना शिकायला दुसरी जागा सहसा नसते.

साठा संपला

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच प्रादेशिक संस्थांना एकेक असे दिले गेले. मध्यवर्ती कोठार रिकामे झाले. एपनिकचा सर्वसाधारण साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला संपला, युरोपचा सप्टेंबर २०१२ मध्ये, लॅटिन अमेरिकेचा जून २०१४ मध्ये आणि उत्तर अमेरिकेचा सप्टेंबर २०१५ मध्ये.

इथे एपनिकच्या सभासदांनी एक शहाणपणाचा निर्णय केला होता. मिळालेला शेवटचा गठ्ठा, १०३ ने सुरू होणारा, नेहमीच्या पद्धतीने वाटायचा नाही असे आधीच ठरले होते. सभासद कितीही मोठा असो, त्यातून त्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळतील. २०१९ मध्ये ही मर्यादा ५१२ वर आणली गेली. हेतू सरळ होता. उद्या नव्याने येणाऱ्या लहान सेवादात्याला निदान दार उघडण्यापुरते पत्ते मिळावेत. पंगत संपत आली तेव्हा उशिरा येणाऱ्यांसाठी ताट वाढून ठेवण्यासारखेच हे होते. १०३ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो याच राखीव वाढीतला आहे असे समजावे.

ज्याची टंचाई त्याला भाव येतो. २०११ मध्ये नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. भागाकार करून पाहा. एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर पडले. पुढल्या दहा वर्षांत हा भाव कित्येक पटींनी वाढला. एमआयटीने २०१७ मध्ये आपल्या गठ्ठ्यातले लाखो पत्ते विकायला काढले. ज्यांनी फुकट घेतले होते त्यांना आता विकता आले, आणि ज्यांना मिळाले नव्हते त्यांना विकत घ्यावे लागले. नोंदणी संस्थांनी हे हस्तांतर थांबवले नाही, पण ते आपल्या वहीत नोंदवले गेलेच पाहिजे असा नियम ठेवला. कारण वहीबाहेर सौदे होऊ लागले, तर वही खोटी ठरते, आणि मग पत्ता नेमका कोणाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

एका पत्त्यामागे सारे गाव

आता शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. पत्ते संपले, तरी दर वर्षी नवे कोट्यवधी मोबाइल जोडले जातच राहिले. ते कसे?

१९९४ मध्ये एक तोडगा सुचवला गेला. शाळेतल्या सगळ्या संगणकांना आतल्या आत वापरायचे खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना सर्वांसाठी एकच सार्वजनिक पत्ता लावायचा. वसतिगृहाचा पत्ता एकच असतो आणि आलेले पत्र कोणत्या खोलीत द्यायचे हे रखवालदाराला ठाऊक असते, तसे. दारातला राउटर एक तक्ता ठेवतो : कोणत्या आतल्या संगणकाने कोणत्या क्रमांकाच्या खिडकीतून विचारणा केली. उत्तर आले की तक्ता पाहून ते त्याच संगणकाला दिले जाते. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते अशा घरगुती वापरासाठी राखलेले आहेत. ते जगात लाखो ठिकाणी एकाच वेळी वापरले जातात, कारण ते दाराबाहेर पडतच नाहीत.

पुढे टंचाई वाढली तेव्हा सेवादात्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवले. त्या मधल्या जाळ्यासाठी १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होणारे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आले.

बाईंच्या गावात हेच झाले असणार. त्यांच्या शाळेला आणि गावातल्या कितीतरी घरांना मिळून सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता दिला असावा. त्या दिवशी सगळीकडून तोच अर्ज उघडला जात होता. पलीकडच्या संगणकाला वाटले, एकच माणूस शंभर वेळा दार ठोठावतो आहे. त्याने दार बंद केले. टंचाईचा तोटा कोठे आणि कोणाला पोचतो, याचे हे उदाहरण आहे. ज्यांना पत्ते भरपूर मिळाले त्यांच्या विद्यार्थ्यांना ही सूचना क्वचितच दिसत असेल.

नोंद एक, रस्ता दुसरा

इथवर वाचून असे वाटेल की नोंदवहीत नाव आले की काम झाले. तसे नाही. नोंदणी संस्थेच्या हाती एकही राउटर नसतो. गठ्ठा कोणाचा हे ती सांगते, पण त्या गठ्ठ्याकडे जाणारा रस्ता जाळेचालक एकमेकांना सांगतात. प्रत्येक मोठ्या जाळ्याला एक क्रमांक असतो. तोही नोंदणी संस्थाच देते. 'हा गठ्ठा माझ्याकडे आहे' असे एक जाळे शेजाऱ्याला कळवते, शेजारी आपल्या शेजाऱ्याला कळवतो, आणि थोड्याच वेळात साऱ्या जगाला कळते. वर्षानुवर्षे या निरोपांची कसलीच तपासणी नव्हती.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी याचे परिणाम दिसले. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी आदेश निघाला होता. तो पाळण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचे २५६ पत्ते आपल्याकडेच आहेत अशी घोषणा केली. ती देशापुरतीच राहायला हवी होती, पण ती हाँगकाँगच्या एका मोठ्या जाळ्याकडे गेली आणि तिथून जगभर पसरली. यूट्यूबची स्वतःची घोषणा होती १,०२४ पत्त्यांच्या गठ्ठ्याची. राउटरचा नियम असा, की दोन पाट्या दिसल्या तर अधिक नेमकी पाटी मानायची. 'पुण्याकडे' आणि 'सदाशिव पेठेकडे' अशा दोन पाट्या असतील तर पेठेचे पत्र दुसऱ्या पाटीने जाते, तसेच. २५६ ची पाटी १,०२४ पेक्षा नेमकी, म्हणून जगाचा ओघ पाकिस्तानकडे वळला. सुमारे दोन तास यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात दिसेनासे झाले.

यावरचा उपाय नोंदवहीतूनच निघाला. ज्याच्या नावे गठ्ठा आहे तो नोंदणी संस्थेच्या साहाय्याने एक अंकीय स्वाक्षरीचा दाखला तयार करतो : 'हा गठ्ठा या क्रमांकाच्या जाळ्यातूनच निघेल.' या पद्धतीचे मूळ टिपण २०१२ चे आहे. आता जगातले अनेक मोठे जाळेचालक निरोप आला की आधी दाखला पाहतात आणि न जुळणारा निरोप टाकून देतात. पण दाखला पाहायचा की नाही, हे प्रत्येक चालकाने स्वतः ठरवायचे असते. नोंदणी संस्था शिकवू शकते, सांगू शकते, पण सक्ती करू शकत नाही.

वहीच अडचणीत येते तेव्हा

इतकी महत्त्वाची वही सांभाळणारी संस्था कोलमडली तर? हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. मॉरिशसमध्ये कार्यालय असलेल्या आफ्रिनिकचा एका सभासद कंपनीशी वाद झाला. दिलेले पत्ते ठरल्या कारणासाठी वापरले जात नाहीत, असे संस्थेचे म्हणणे होते. कंपनी न्यायालयात गेली. २०२१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने संस्थेची बँक खाती काही काळ गोठवली गेली. पुढे संचालक मंडळात निर्णय घेण्याइतके सदस्यच उरले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने व्यवस्थापक नेमला. जून २०२५ मधली निवडणूक रद्द झाली आणि अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये नवे मंडळ निवडले गेले.

या काळात जुन्या नोंदी टिकल्या आणि आफ्रिकेतले इंटरनेट चालू राहिले. पण ज्या खंडाला पत्ते सर्वांत उशिरा मिळाले, त्याचीच नोंदणी संस्था चार वर्षे खिळखिळी राहिली. सहमतीवर चालणारी व्यवस्था स्वस्त आणि लवचिक असते, हे खरे. पण तिची राखण सभासदांनाच करावी लागते. बैठकीला जाणे, प्रस्ताव वाचणे, मत देणे ही कामे कंटाळवाणी म्हणून सोडून दिली, तर ती व्यवस्था कोणाच्याही हाती जाऊ शकते. आपल्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा अनुभव असणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

नवे पत्ते

टंचाईवरचा खरा उपाय म्हणजे अधिक लांबीचा पत्ता. 'आवृत्ती ६' चा नियम डिसेंबर १९९५ मध्येच लिहिला गेला. यात पत्ता १२८ बिटांचा असतो. एकूण पत्ते किती? ३४ वर ३७ शून्ये लिहिली की होणाऱ्या संख्येइतके. इथे एका शाळेलाही ६५,५३६ उपजाळी करता येतील एवढा गठ्ठा सहज देता येतो.

मग सारे जग लगेच तिकडे का गेले नाही? कारण आवृत्ती ४ चे यंत्र आवृत्ती ६ चा पत्ता वाचू शकत नाही. दोन्ही बराच काळ शेजारी शेजारी चालवाव्या लागतात, आणि खर्च आज करून फायदा उद्या मिळतो. ज्यांच्याकडे जुने पत्ते भरपूर होते त्यांना घाई नव्हती. भारताकडे ते कमी होते. त्यामुळे २०१६ पासून इथल्या मोठ्या मोबाइल सेवांनी नवी आवृत्ती झपाट्याने घेतली, आणि आज तिच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. उशिरा पोचल्याचा हा एक फायदा.

बाईंनी निघताना विचारले होते, "मग शाळेने अर्ज कोणाकडे करायचा?" एकट्या शाळेला नोंदणी संस्थेकडे जाण्याची गरज नाही. तिने आपल्या सेवादात्याला विचारावे : आम्हाला आवृत्ती ६ चे पत्ते मिळतील का? ते सुरू झाले की त्या मार्गाने जाणारी शाळा गर्दीच्या पत्त्यामागे लपून राहणार नाही. पलीकडच्या संकेतस्थळानेही आवृत्ती ६ घेतलेली असणे अर्थातच आवश्यक आहे. दोन सेवादात्यांशी जोडलेल्या विद्यापीठाला मात्र स्वतःचे पत्ते आणि जाळ्याचा क्रमांक हवा असेल, तर ते आयरिनकडे अर्ज करू शकते.

वर्गात करून पाहा

१. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये आपला पत्ता शोधा. तो १०, १७२ किंवा १९२.१६८ ने सुरू होतो का? मोबाइल डेटावर पाहिल्यास १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसतो का? दिसला तर तुम्ही सेवादात्याच्या मोठ्या दारामागे आहात. दोन विद्यार्थ्यांच्या घरी अगदी एकच पत्ता निघाला, तर तसे का, हे त्यांनाच सांगू द्या.

२. तो पत्ता द्विमान पद्धतीत लिहा. पहिले २४ बिट ठरावीक धरले तर मागे किती पत्ते उरतात? २० धरले तर?

३. वर्गाचे पाच गट करा. फळ्यावर शंभर क्रमांक लिहा. पहिल्या तासाला फक्त दोन गटांना हवे तितके क्रमांक घेऊ द्या. बाकीचे तीन गट दुसऱ्या दिवशी या खेळात येतील. आता उरलेले क्रमांक कसे वाटायचे, आधीच्यांनी काही परत करावे का, आणि नोंद कोण ठेवणार, हे मतदान न घेता सहमतीने ठरवायला सांगा. शिक्षकांनी मध्ये बोलू नये. आमच्या शिबिरात शिक्षकांचेच गट करून हा खेळ घेतला, तेव्हा नोंद कोणी ठेवायची यावर एकमत व्हायला क्रमांक वाटण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.